चार तोंडांच्या मॅडम

माझा माणूस गेला होता, आणि ही बाई मला विचारत होती की तुम्ही पहिल्यांदा भिलाईला आलात तेव्हा स्टेशनवरून घरी कशा आलात.

तो गेला आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. माहीत असून ती माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसली, प्यायला पाणी मागितलं, अर्धा पेला प्यायली आणि हे विचारलं. आज इतकी वर्षं झाली, पण तो अर्धा पेला अजून डोळ्यांपुढे येतो. असं कोणी विचारतं का? असं विचारायला माणसाची जीभ वळते तरी कशी?

आम्ही सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. तेव्हा छत्तीसगड वेगळं झालेलं नव्हतं, पत्त्यावर म. प्र. लिहायचे. माझं गाव बुलढाण्याकडचं. तिथून भिलाई म्हणजे रात्रभर गाडीत बसायचं, आणि उतरलं की दुसरीच बोली, दुसरंच पाणी. त्या सकाळी स्टोव्हवर भात होता. बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. दोन माणसं आणि एक बाई उतरली. बाई पन्नाशीची, उंच, अंगावर पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ. तिनं त्या दोघांना, "तुम्ही बाहेरच थांबा," म्हटलं आणि चपला काढून थेट स्टोव्हपाशी आली. ह्याच त्या पोलाद कारखान्याच्या वेलफेअर ऑफिसच्या, म्हणजे कामगारांच्या घरचं पाहणाऱ्या, मॅडम.

ऑफिसची बाई विचारते म्हणजे उत्तर द्यायलाच हवं, म्हणून भीत भीत मी सांगितलं, "रिक्षात आलो. मी मांगं तोंड करून बसली होती, सामानाकडे पाहत. गाव काही पाहिलं नाही. घरी आल्यावर दाराले आतून कडी लावली, तवा बरं वाटलं."

त्यांनी मान हलवली. हातातला पेला खाली ठेवला.

"आता मी तुम्हाला दोनच वाक्यं सांगणार आहे. त्याच्यावर तुम्ही काही बोलायची गरज नाही. तुमचे मिस्टर आज सकाळी ड्युटीवर छातीत कळ येऊन गेले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं."

मग त्यांनी स्टोव्ह बंद केला, बाहेर गेल्या, दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

बाहेर शेजारच्या काकूंचा आवाज चढला. काकू भंडाऱ्याकडच्या. आमच्या रांगेत कोणाच्याही घरी काही झालं की सगळ्यात आधी पोचायच्या आणि सगळ्यात शेवटी निघायच्या. "वा रे वा बाई! असं दार लावून ठेवते का कोणी? तिचा माणूस गेला, तिले कोणाच्या गळ्यात पडून रडू द्या ना! एकटी सोडता तिले? पागल झाल्या का तुमी?"

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही रडा. इथंच रडा, माझ्या खांद्यावर. तुम्हाला गरज आहे. तिला थोडा वेळ द्या."

आणि काकू खरोखरच त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागल्या. मी आत ऐकत होते. समोर अर्धा शिजलेला भात. माझा माणूस गेला होता, आणि दार बंद आहे म्हणून मला बरं वाटत होतं. त्या दिवशी दोन धक्के बसले. पहिला कोणालाही सांगता येण्यासारखा होता. दुसरा मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

महिनाभर सेक्टरभर हेच चाललं होतं. रेशनच्या रांगेत, नळावर, देवळात. "विधवा बाईले कोंडून ठेवलं म्हणे." "अन् सांगायच्या आधी रिक्षाचं विचारलं म्हणे!" ऑफिसात त्यांना मागून 'चारतोंडी' म्हणत, ते मला तेव्हाच कळलं.

*

तेरवी झाल्यावर सासऱ्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. माणूस नोकरीत असताना गेला तर त्याच्या घरातल्या एकाला नोकरी मिळते, तर ती धाकट्याला, म्हणजे माझ्या दिराला घ्यायची. आणि मला गावी न्यायचं. "सून आमची आहे, आमी टाकणार नाही," असं त्यांनी चार माणसांसमोर सांगितलं, आणि चार माणसांनी वाहवा केली. मला मूल नव्हतं. गावी गेले असते तर जावेच्या चुलीपुढे, सासूच्या पायांपुढे, कोणाच्याच हिशेबात नसलेली अशी मी उरले असते. नोकरी मिळाली तर ती दोन खोल्यांची क्वार्टर माझी राहणार होती, माझ्या स्वतःच्या दारासकट. नाही मिळाली तर नाही. एवढीच गोष्ट होती, आणि माझ्यासाठी ती सगळी गोष्ट होती.

पण मी बोलले नाही. माझं बोलणं नेहमी उशिरा पोचतं. शाळेत मास्तरांनी प्रश्न विचारला की उत्तर मला संध्याकाळी सुचायचं, शेण थापताना, अगदी पूर्ण. तोपर्यंत मास्तर घरी गेलेले असत. सातवीत बापानं म्हटलं, हिच्या डोक्यात काही नाही, बसवा घरी. माझं लग्नही असंच ठरलं. पाहायला आले, मी गप्प बसले, गप्प बसली म्हणजे हो, म्हणून साखर वाटली. माणूस चांगला निघाला हे माझं नशीब. निघाला नसता तरी साखर वाटलेलीच होती.

कागदपत्रांसाठी मला रोज वेलफेअर ऑफिसात जावं लागे. सोबतीला काकू यायच्या. मॅडमच्या खोलीबाहेर एक लाकडी बाक होता, त्यावर आम्ही दुपारपर्यंत बसायचो. माझ्याकडे दुसरं काम नव्हतं, म्हणून मी मॅडमना पाहत बसायचे. जे दिसलं त्यानं मी चक्रावून गेले.

ती एकच बाई दिवसभरात चार बायका व्हायची. बडे बाबूंशी, म्हणजे हेडक्लार्कशी, बोलताना आवाज सरळ, कोरडा, प्रत्येक वाक्यात 'क्योंकि'. साधी खिडकी लावायला सांगायची तरी आधी कारण. ड्रायव्हर आला की शब्दच संपायचे, "टायर?" म्हणायच्या, तो "नया," म्हणायचा, दोघंही खूश. मोठे साहेब आले की मॅडम अर्धंच वाक्य बोलून हात हवेत फिरवायच्या, आणि साहेब डोळे चमकवत उरलेलं स्वतः पूर्ण करायचे. आणि काकूंशी बोलायला लागल्या की गळाच ओला. काकूंच्या जावयाच्या पोटदुखीवर त्यांनी एकदा पाऊण तास घालवला. मला वाटलं, ही बाई खोटारडी आहे. एक माणूस चार माणसं कशी होईल?

काकूंनाच शेवटी राहवलं नाही. "मॅडम, तुमी लोकाईले असं येगयेगळं कावून बोलता हो?"

मॅडमना कोणीतरी विचारण्याचीच वाट होती की काय कोण जाणे. खुर्ची ओढून त्या बाकासमोरच बसल्या. स्वित्झर्लंडमध्ये एक मनाचा डॉक्टर होता म्हणाल्या. त्यानं आयुष्यभर माणसं पाहिली आणि सांगितलं की माणसं एकमेकांशी भांडतात ती बरेचदा दुष्टपणानं नाही. ती वेगवेगळ्या जातीची असतात. ही जात म्हणजे आपली जात नाही, मनाची जात. काहींचं मन बाहेर उघडतं, लोकांत गेलं की त्यांना बळ येतं. काहींचं आत उघडतं, लोकांत गेलं की त्यांचं बळ सांडतं. आणि त्यातही कोणी प्रत्येक गोष्टीचं कारण शोधतो, कोणी माणसाचं मन पाहतो, कोणी डोळ्यासमोरची वस्तू धरून चालतो, आणि कोणी अजून न झालेली गोष्ट पाहतो.

"मग एकाची बात दुसऱ्याले कशी समजणार?" काकू म्हणाल्या.

"तेच ना! म्हणून मी आधी स्टेशनचं विचारते. प्रत्येकाला. बडे बाबू काय म्हणाले माहीत आहे? रिक्षावाल्यानं लांबचा रस्ता घेतला आणि मी त्याला जवळचा समजावला. ड्रायव्हर म्हणाला, रिक्षाची चेन सुटत होती, रस्त्याला बेशरमीची झुडपं होती, आणि गोड वास येत होता. साहेब म्हणाले, रस्ता कोणी पाहिला, मी तर दहा वर्षांनी हे गाव कसं दिसेल तेच पाहत होतो."

"अन् मी काय म्हटलं होतं?"

"तुम्ही म्हणालात, रिक्षावाल्याची बायको रुसून माहेरी गेली होती आणि त्याचा जीव कशात नव्हता."

"होता कुठी! बिचारा," काकू म्हणाल्या, आणि वीस वर्षांपूर्वीच्या त्या रिक्षावाल्यासाठी त्यांनी डोळ्याला पदर लावला.

माझं उत्तर मॅडमनी सांगितलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की ह्या बाईला मी कळते, आणि वाटलं तशी भीतीच वाटली.

ह्या डॉक्टरपायी त्यांचं स्वतःचं लग्न मोडलं होतं. ते त्या हसत सांगायच्या. नागपूरला मुलगा पाहायला आला, पोहे यायच्या आधीच ह्यांनी त्याला स्टेशनवरून कसे आलात विचारलं, आणि त्याच्या उत्तरावर म्हणाल्या, "तुमचं माझं जमणार नाही. मी सांगीन दुधाचं आणि तुम्ही ऐकाल चंद्राचं." मुलाचे वडील उठलेच. पोहे घरच्यांनी खाल्ले.

"अन् तुमची मनाची जात कोणती?" काकूंनी विचारलं.

"पाहायला वेळच नाही मिळाला," म्हणाल्या आणि उठल्या.

एक मात्र होतं. त्यांनी एखाद्याच्या मनाची जात एकदा ठरवली की ठरवली. बडे बाबू एकदा सासरी गेलेल्या मुलीच्या आठवणीनं टेबलावर डोकं टेकून बसले होते, तर मॅडमनी त्यांना मुलगी सासरी सुखात असण्याची कारणं मोजून दाखवली. बडे बाबू जी, जी, म्हणत राहिले. त्यांना कारणं नको होती हे बाकावरून मलाही दिसत होतं. मॅडमना दिसलं नाही.

मग तो सापाचा दिवस. दुपारी बडे बाबूंच्या टेबलाखालून मनगटाएवढ्या जाडीची धामण निघाली. ऑफिसात एकच कल्लोळ. आणि मॅडम आपल्या दारात उभ्या राहून एकाच दमात सगळ्यांशी बोलल्या, ज्याच्या त्याच्या भाषेत.

"बडे बाबू, धामन है, ज़हर नहीं होता, इसलिए चिल्लाना बेकार है, पैर ऊपर! ड्रायव्हर, डंडा! बाएँ! कोना! सर, सर, सोचिए, अगर वो पीछेवाली खिड़की खुली हो तो—"

"तो वो खुद ही निकल जाएगा!" मोठे साहेब आपल्या खोलीतून ओरडले आणि स्वतः धावत जाऊन खिडकी उघडली, जसा काही साप त्यांनीच शोधून काढला.

"काकू, तो बिचारा तुमच्यापेक्षा जास्त घाबरलाय हो!"

"हो का वं माय," काकूंची किंकाळी अर्ध्यातच थांबली. "लेकरंबाळं असतील त्याले."

मला त्या काहीच बोलल्या नाहीत. नुसतं बोट केलं, बाकावर. मी चढून उभी राहिले. धामण खिडकीतून बाहेर गेली, आणि सगळे असे बसले जसे प्रत्येकानं एकट्यानं तिला घालवलं. मी मात्र बाकावर तशीच उभी. मला सापाचं काही वाटलं नव्हतं. ह्या बाईनं पाच माणसं पाच दोऱ्यांनी ओढली होती, आणि कोणाला दोरा दिसला नव्हता. त्याचीच भीती वाटत होती.

*

सासरे दिराला घेऊन आले तो दिवस मला अजून घामाच्या वासासकट आठवतो.

मोठ्या साहेबांच्या खोलीत बोलावलं होतं. साहेब उत्तरेकडचे, मनाने बरे, पण घाईतले. घरच्यांनी आपसात ठरवून तोंडी सांगायचं, मग पुढचं होईल, अशी पद्धत होती. सासऱ्यांनी धुवट धोतर नेसलं होतं. दारातच मॅडमनी त्यांना विचारलं, "या बाबाजी, स्टेशनवरून कसे आलात?" आणि सासऱ्यांनी थेट मलकापूरच्या बाजारापासून सुरुवात केली. गाडीत लाडवाचा डबा सांडणारा मारवाडी, गोंदियाला चढलेल्या नवरीची पाठवणी, रिक्षावाल्याचं गाव, त्याच्या गावचं पाणी. दीर मागे भिंतीला चिकटून उभा. मॅडम मिनिटभरच ऐकत होत्या, पण त्यांच्या डोळ्यांत दिसलं, शिक्का बसला. बाहेर उघडणारा, माणसांचा माणूस.

आत गेल्यावर सासरे साहेबांशीही तसेच मोकळे. "साहेब, माहा मोठा तुमच्या कारखान्यात गेला. आता हा धाकटा घ्या. मजबूत हाय. नांगर धरते, बैल धरते, तुमचं लोखंड काय हाय! सुनेची काळजी नोका करू. ते आमच्या घरची हाय. पोटच्या पोरीवानी ठेवू."

साहेब माझ्याकडे वळले. "बेटी, तुम बोलो. तुमको मंज़ूर है?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. माझ्या आत काहीतरी उठलं होतं, पण ते फार खाली होतं, विहिरीच्या तळाशी असावं तसं. मी साहेबांच्या टेबलावरची काच पाहत राहिले. काचेखाली कोणाचा तरी फोटो होता. पंखा फिरत होता.

"चुप है," साहेब म्हणाले, "मतलब राज़ी है."

साखर वाटायचीच बाकी होती.

"नहीं सर," मॅडम म्हणाल्या. "इसका जवाब चल दिया है. पहुँचा नहीं है."

"मालगाड़ी से आ रहा है क्या?"

"जी सर, मालगाड़ी से. पर आएगा. दो घंटे दीजिए."

सासरे उठून उभे. "हे काय म्हणते बाई? सून आमची! तिले काय येगळं इचारायचं हाय? अन् ती बोलते कुठी?"

"चला बाबाजी, तोवर आपण चहा घेऊ. मलकापूरच्या बाजाराचं सांगत होतात ना?" मॅडमनी त्यांच्या दंडाला धरलं, आणि वऱ्हाडीत गेल्या, अशा की मी चाट पडले. "काय म्हंता, यंदा कापसानं हात देल्ला का नाही?"

मला त्यांनी जाता जाता सामानाच्या खोलीत सोडलं. मोडके पंखे, पाय नसलेल्या खुर्च्या. "इथं कोणी येणार नाही," म्हणाल्या, आणि गेल्या. धीर दे, हिंमत धर, घाबरू नको, त्यातलं काही नाही. काय बोलायचं ते सांगितलं नाही. नोकरी घे असंही नाही. मला तर वाटलं होतं त्या शिकवतील. घाबरून मी दारापर्यंत गेले आणि परत आले.

बराच वेळ पंख्याच्या पात्यावरची धूळ बोटानं पुसत बसले. मग माझ्या लक्षात आलं की मी मनात क्वार्टरचं स्वयंपाकघर आवरते आहे. डबे लावते आहे. पुढच्या महिन्याचे, त्याच्या पुढच्या महिन्याचे. मसाल्याचा डबा वरच्या फळीवर ठेवला, आणि एकदम लख्ख दिसलं की मी ते कुठे जायला नाही, राहायला आवरते आहे. उत्तर पोचलं होतं.

तिकडे कॅन्टीनमध्ये काय चाललं होतं ते मला काकूंनी नंतर सांगितलं. मॅडम सासऱ्यांना बोलतं ठेवत होत्या. बैल, बाजार, तालुक्याची जत्रा. सासरे बोलत होते, हात हलवून, मोठ्यानं, आजूबाजूचे हसत होते. आणि ज्याचा कर्ता मुलगा नुकताच गेला त्याला वेलफेअरची बाई हसवते आहे हे पाहून शेजारच्या टेबलावरचा एक जण थाळी घेऊन उठून गेला म्हणे.

परत सगळे साहेबांच्या खोलीत. कोणी विचारायच्या आधी मी बोलले.

"मले नोकरी पाहिजे. मी इथंच राहीन. मी बोलली नाही, म्हणजे हो म्हटलं असं नाही."

सासरे माझ्याकडे पाहतच राहिले. "तुले बोलता येते?"

त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. लग्नाला आठ वर्षं झाली होती, आणि गावी गेले की त्यांच्या ताटात भाकर मीच वाढायची.

मग ते भडकले. मॅडमवर, साहेबांवर, माझ्यावर. "अन् ह्या पोराचं काय? ह्याले काय शेताच्या धुऱ्यावर बसवू?"

"त्याला विचारलंय का कोणी?" मॅडम म्हणाल्या.

सगळ्यांची तोंडं भिंतीकडे वळली. दीर पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होता. मॅडमनी हात वर करून साहेबांना थांबवलं.

"मले नाही पाहिजे," तो म्हणाला. "दादा जिथी पडला तिथी रोज जायचं? मले नाही जमत."

"मंग इथवर आलाच कावून लेका?"

"तुमी म्हटलं, चाल."

साहेबांनी कपाळाला हात लावला. बडे बाबू दारात येऊन उभे होते, त्यांनी चष्माच काढला. साहेब म्हणाले, "तो बात साफ़ है. बेटी को मिलेगी." मी खुर्चीची पाठ धरली. जे मागायची हिंमत नव्हती ते मिळालं होतं, आणि मला आनंद होत नव्हता. मला सासऱ्यांचा चेहरा दिसत होता.

ते खाली बसले होते. जमिनीवरच. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती.

मॅडम पटकन त्यांच्याजवळ गेल्या, त्याच कॅन्टीनच्या आवाजात. "काय हो बाबाजी, चला, आणखी एक चहा! तो लाडवाचा मारवाडी, त्याचं पुढं काय झालं ते राहिलंच की..."

"बाई, थांबा."

त्यांनी हळू म्हटलं. त्यांना हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

"मघापासून तुमी मले बोलवून राहिल्या. मी बोलून राहिलो. गावात बी तसंच. मयतीले लोक आले, मीच त्याईले बोलत होतो. बोलणारा माणूस दिसला की सारे त्याले बोलतच ठेवतात. मी थांबलो तर आत काय हाय ते मलेच पाहा लागन, म्हणून मी थांबत नाही. माहा पोरगा मेला, बाई. मले कोणी चूप बसू देल्लं नाही."

मॅडम वाकलेल्या होत्या, तशाच राहिल्या. कारण नव्हतं, वस्तू नव्हती, ओला गळा नव्हता, अर्धं वाक्य नव्हतं. इतके दिवस बाकावरून पाहिलेल्या त्या बाईला पहिल्यांदा काही सुचत नव्हतं, आणि तिचा चेहरा अगदी एखाद्या नापास झालेल्या मुलीसारखा झाला होता. तो मला ओळखीचा होता. मोठे साहेब हलक्या पावलांनी आपल्याच खोलीतून बाहेर गेले.

*

दोन दिवसांनी जवळच्या दुर्ग स्टेशनवर मी सासऱ्यांना आणि दिराला सोडायला गेले. मॅडम येतील असं वाटलं नव्हतं. बाकावर सासरे मध्ये, एका बाजूला दीर, एका बाजूला मी. मॅडम समोर उभ्या, पर्स छातीशी धरून. सासरे बोलत नव्हते. प्लॅटफॉर्मवरून चहावाला गेला, शेंगावाला गेला, कोणाची तरी ट्रंक उलटली, आणि ते नुसते त्याकडे पाहत होते.

मॅडम माझ्याजवळ वाकल्या आणि कानाशी म्हणाल्या, "मी काय बोलू?"

मला. सातवीतून काढलेल्या बाईला. मी हादरून त्यांच्याकडे पाहिलं. काय सांगणार? मला तर माझंच उत्तर दोन तासांनी येतं. मी मान हलवली, माहीत नाही. त्या सरळ झाल्या, आणि पर्सचा बंद उघडायला, लावायला लागल्या.

मग सासऱ्यांनीच वर पाहिलं.

"जेवल्या काय बाई?"

मॅडमनी विचार केला. मी पाहिलं, त्या खरंच विचार करत होत्या. "नाही," म्हणाल्या.

सासऱ्यांनी फडक्याची गाठ सोडली, भाकर मोडली, वर ठेचा ठेवला, पुढे केली. "सुनेनं केली. चांगली करते. बोलत नाही, पण करते चांगली."

"आता बोलतेबी," दीर म्हणाला.

सासऱ्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मॅडम बाकाच्या कडेवर बसल्या, एवढ्याशा जागेत, आणि खायला लागल्या. ठेचा तिखट होता. नाक ओढत, डोळे पुसत खात होत्या, आणि थांबत नव्हत्या. सासऱ्यांनी न विचारता दुसरा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. तेवढ्यात गाडी आलीच. धावपळ झाली, दिरानं गाठोडं उचललं, सासरे चढले, खिडकीशी आले. मॅडम उठून खिडकीपर्यंत गेल्या. त्यांना काहीतरी बोलायचं असावं, पण तोंडात घास होता, तो गिळेना, आणि गाडी हलली. मग त्यांनी नुसता हात वर केला. सासऱ्यांनीही केला.